धोका नाही म्हणणारा माणूस

जहाजाच्या मेसमध्ये जेवताना आमचा एकच वाद चालायचा: अमेरिका वाईट की चीन. फिलिपिनो कुक चीनचं नाव निघालं की भांडी आपटायचा. त्याच्या भावाच्या मासेमारी होडीवर चिनी गस्तीबोटीने पाण्याचा मारा केला होता. घानाचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, शांतपणे म्हणायचा, "चीनने आमच्या गावाला रस्ता दिला. अमेरिकेने भाषणं दिली." इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल देणारा ऑइलर राजापूरचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो हसायचा. "दादा, आपलंच बरं. आपण सगळ्यांशी गोड बोलतो. आपल्याला कोण मारतोय?"

मलाही तसंच वाटायचं. भरतीच्या एजंटाने मुंबईत आम्हाला हेच सांगितलं होतं, "मोठ्यांच्या भांडणात भारतीय खलाशाला कोणी हात लावत नाही. त्या मार्गावर धोका नाही."

तांबड्या समुद्रात भर दुपारी क्षेपणास्त्र इंजिनरूमवर आदळलं. कोणाचा राग कोणावर काढला गेला, आम्हाला कधीच कळलं नाही. कुकने आणि मी ऑइलरला वर ओढून आणलं. तो डेकवरच गेला. बोसनने अंगातला शर्ट काढून त्याच्या तोंडावर पांघरला. त्यानंतर आमच्यात तो वाद कोणी काढला नाही.

दुसऱ्या जहाजाने आम्हाला वाचवून बंदरात आणल्यावर कॅप्टनने मला कंपनीने एजंटाला पाठवलेल्या एका पत्राची प्रत दाखवली. त्या मार्गावर हल्ल्याची शक्यता असल्याचा तो इशारा होता. आम्ही जहाजावर चढण्याच्या आठवडाभर आधी तो एजंटाला पोचला होता. मी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.

रत्नागिरीच्या मांडवीला घरी आलो, तरी मन त्या पत्रातच. राजापूरला गेलो तेव्हा ऑइलरच्या बायकोने एवढंच विचारलं, "ते तर म्हणाले होते ना, धोका नाही?" तक्रार करा, असं सगळे सांगत होते. मला तो एजंट समोर हवा होता.

आठ महिन्यांनी तो रत्नागिरीत भरतीच्या सभेला आला. हॉल तरुणांनी भरलेला. मी पहिल्या रांगेत बसलो. त्याने तेच वाक्य उच्चारलं आणि मी उठलो. पत्र वाचून दाखवलं, तारखेसकट, आणि राजापूरच्या ऑइलरचं काय झालं तेही सांगितलं.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"राजापूरला चला. हेच वाक्य तिच्यासमोर म्हणा."

तो घाम पुसत राहिला. मागची पोरं उठायला लागली, मग मधली. पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि तो मागच्या दाराने निघून गेला. दापोलीला त्याची दुसरी सभा होती. एसटीने मी तिथे पोचलो, तर दाराला कुलूप. जिल्ह्यात तो पुन्हा आला नाही.

सूड घेऊन समाधान मिळत नाही, असं लोक म्हणतात. मला मिळालं. क्षेपणास्त्र सोडणारे माझ्या हाती लागणारे नव्हते. हा लागला.