डीपीतले अब्बा

माझं वय सेहेचाळीस. पासपोर्टात तसं छापलंय. पण वीस वर्षं दुबईच्या गच्च्यांवर उन्हात एसी दुरुस्त करून तोंडाचा असा पापड झालाय की मेट्रोत बायका उठून जागा देतात. मी बसतो पण. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं.

या तोंडाचा शोध लावला डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका ताईंनी. त्यांचा एसी गळत होता. मी शिडीवर चढलो, तर खालून आवाज, "काका, हलू नका!" मला वाटलं अंगावर झुरळ आहे. बघतो तर ताई कॅमेरा घेऊन उभ्या. "काय चेहराय हो तुमचा!" माझ्या तोंडाबद्दल कुणी चांगलं बोललं ते पहिल्यांदाच. पाघळलो.

त्यांचा एक ग्रुप होता. सगळे ऑफिसवाले. रविवारी सकाळी अल क्वोजमध्ये गोदामांच्या मागं जमायचे, एकमेकांचे फोटो काढायचे आणि नेटवर टाकायचे. मलाही शिकायला एक जुना कॅमेरा दिला. माझ्या फोटोंत सगळी माणसं खांद्यापासून खाली.

"काका, डोकं कुठंय?"

"डोकं असतं तर एसीत बसलो असतो ताई, एसीवर कशाला चढलो असतो?"

मग त्यांनी मला कॅमेऱ्याच्या पुढंच उभं केलं. अट एकच, हसायचं नाही. मला तर मय्यतीतसुद्धा हसू आवरत नाही. तरी दोन वर्षांत शिकलो. माझा एक काळापांढरा फोटो निघाला, त्यात सुरकुत्या मोजून घ्याव्यात. ताईंनी खाली काहीतरी इंग्रजीत लिहिलं, लोकांनी धडाधड लाईक दिले. मी लगेच तो व्हॉट्सॲपच्या डीपीला लावला. गावाहून बायकोचा फोन, "अब्बांचा फोटो कुठनं मिळाला?"

अब्बा म्हणजे माझे वडील. गेले तेव्हा सत्तरीचे होते. त्यांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

"अगं, मीच आहे तो," म्हणालो आणि हसलो. ती नाही हसली.

मग कंपनीनं अकरा जण काढले. त्यात मी. व्हिसा कॅन्सल, साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधा नाहीतर यल्ला, घरी. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी परत गेलो की तिचं कॉलेज खलास. घरी मी काही सांगितलं नाही. फोनवर जोक मारत राहिलो, नेहमीपेक्षा जास्तच.

जिथं जाईन तिथं तेच. पासपोर्ट बघायचे, मग मला बघायचे, मग परत पासपोर्ट. एक जण म्हणाला, "चाचा, उमर तो सही लिखवाते." पासपोर्ट खरा होता हो. तोंडानंच दगा दिला.

अठ्ठावीस दिवस राहिले तेव्हा अबू धाबीकडच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपच्या फोरमनचा नंबर मिळाला. म्हणाला, पहले फोटो भेजो. मी रविवारी ताईंकडं धावलो.

"ताई, एकच फोटो. सेहेचाळीसचा दिसेन असा."

"अहो काका, पण या सुरकुत्या म्हणजे तुमचं आयुष्य..."

"आयुष्य राहू दे बाजूला. नोकरी गेलीय माझी."

सगळे कामाला लागले. समोरून लाईट, हनुवटीखाली पांढरा थर्माकोल, कुणीतरी आपला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. ताई म्हणाल्या, "आता हसा काका."

मला हसूच येईना. ओठ ताणले तर दाढ दुखल्यासारखं दिसायला लागलं. "तुमचाच एखादा जोक सांगा ना," ताई म्हणाल्या. मी डोक्यावाला सांगितला, एसीवर चढलो तो. कुणीच हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तोंड वेडंवाकडं होऊन थोडं हसल्यासारखं झालं. तेवढ्यात ताईंनी बटण दाबलं.

फोटो पाठवला. फोरमनचा फोन आला, "अच्छा है. लेकिन तेरे डीपी में ये बुड्ढा कौन है?"

डीपी! तो काढायचा राहिलाच होता. तोंडातून निघून गेलं, "अब्बा हैं."

"तेरे जैसे ही दिखते हैं. गुरुवार को आ जा."

बुधवारी केस काळे केले. केसांबरोबर कानही काळे झाले. मुसफ्फाला पोचलो. फोरमननं मला पाहिलं, मोबाईल पाहिला, परत मला पाहिलं. मग शिडीकडं बोट दाखवलं. मी चढलो. असा चढलो की जणू विशीतला पोर. वर पोचल्यावर छाती भात्यासारखी हलत होती, आणि कपाळावरनं काळा घाम डोळ्यांत उतरत होता.

खालून तो म्हणाला, "बस, बस. आराम से उतरो, अब्बा."

शेजारचे दोघे फिदीफिदी हसले. मीसुद्धा हसलो. आता बरं आलं हसू.

"फोन करूँगा, इन्शाल्ला," म्हणाला. आज आठवा दिवस. हातात सोळा दिवस उरलेत. ताई म्हणतात, तो डीपी बदला, नवा लावा. हात धजत नाही. फोरमननं मधेच बघितलं आणि अब्बांचा फोटो नसला, तर त्याला वाटायचं म्हातारा गेला.