मी पोझ सांगत नाही

फोटो स्टुडिओत फोटो साचत नाहीत, किस्से साचतात. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं. किस्सा कोणी नेत नाही, तो आमच्याकडेच पडून राहतो. सेलूत माझा स्टुडिओ चाळीस वर्षांचा. तेवढ्या वर्षांचा माल आहे. आज फक्त या सीझनचा काढतो.

हल्ली साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला की मुलगा-मुलगी बाहेर कुठे जाऊन फोटो काढतात. माझा मुलगा विलास म्हणतो, लोकांना रंगीत धूर पाहिजे, ड्रोन पाहिजे, पोझ पाहिजे. मी म्हणतो, मी पोझ सांगत नाही. सकाळी साडेसहाला बोर नदीवर या. रोजचे कपडे घाला. दोघं चाला, बोला. मी मागून येतो. मला फोटो दिसला की काढतो.

सातवी शिकलेल्या बापाशी विलास वाद घालत नाही. अट घालतो. म्हणाला, "बाबा, या सीझनमधी एका जरी जोडप्यानं फोटो वापस आणले, तं कॅमेरा माह्या हाती. तुम्ही माह्या जागी काउंटरवर बसून झेरॉक्स काढा."

मी हो म्हणालो. मागे सरकणं मला जमत नाही.

*

पहिलं जोडपं आलं. मुलाचं कपड्याचं दुकान. चप्पल घालून ये म्हणून मी बजावलं होतं. हा नवे टोकदार बूट घालून आला. आदल्या दिवशी पाऊस झालेला, आणि आमची माती काळी. दहा पावलांत बुटांना इतका चिखल चिकटला की गडी पावलागणिक उंच होत चालला. मुलगी आधी मान फिरवून हसली. मग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून हसली. मी फोटो काढला.

तो म्हणाला, "काका, डिलीट करा."

मी म्हणालो, "तुह्या बुटाचा करतो. तिच्या हसण्याचा नाई."

तो फोटो आता दुकानात त्याच्या गादीमागे लावलेला आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी फोटो दाखवतो, मग कापड.

*

दुसऱ्या मुलीबरोबर तिचा मामा आला. लग्नाआधी दोघांना एकटं कसं सोडायचं, म्हणून. मामा सावलीसारखा मागे. नदी काढली तरी फोटोत मामा, झाड काढलं तरी मामा. विलास कपाळाला हात लावून बसला.

मी मामाच्या हातात मोठा चंदेरी रिफ्लेक्टर दिला. सांगितलं, सगळा उजेड तुमच्यावर आहे, जागा सोडली की काम बिघडलं. मामा दोन तास हलला नाही. जोडपं बोलत बोलत पार वळणापलीकडे गेलं. उजेड तिथे पोहोचतच नव्हता. मामाला कोण सांगणार?

लग्नात मामा पाहुण्यांना अल्बम दाखवत होता. म्हणे, "फोटो काकांनी काढले, पण सूर्य मी धरला होता."

*

तिसरा मुलगा पुण्यात नोकरीला. मोबाइलमध्ये चाळीस पोझ घेऊन आला. मी सांगत नाही म्हटल्यावर चिडला. "मग तुम्ही करता काय?"

"गप्प राहतो."

त्यांना ओळखीच्या शेतात नेलं आणि कापूस वेचायला लावलं. मुलगी दवाखान्यात नर्स, पण लहानपण शेतात गेलेलं. तिचे दोन्ही हात चालत होते. याच्या बोटात बोंडाचं टोक घुसलं. तिने त्याचं बोट धरलं, डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाली, "हलू नको, नाईतं दुसरंही टोचीन." तेवढा एक फोटो मिळाला.

फोटो पाहून तो कुरकुरला, मी घाबरलेला दिसतो म्हणे. विलास माझ्याकडे पाहत होता. मुलगी म्हणाली, "दिसतो काय, होतासच. हाच मोठा करा." मोठा केला.

*

शेवटचं जोडपं वर्ध्याहून आलं. मुलगी शाळेत शिकवते. मुलगा देखणा, बँकेत. त्या दिवशीही विलास सोबत होता. थोड्या वेळाने तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, त्याले सांगा ना, तिच्याकडे पाह्य म्हणून."

मी म्हणालो, "मी सांगत नाई."

"तुमच्या हट्टापायी फोटो वापस येतील."

येऊ दे, म्हणालो. आणि जे दिसलं ते काढलं.

आठ दिवसांनी मुलगी एकटीच आली. अल्बम काउंटरवर ठेवला. म्हणाली, परत घ्या. विलासने माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातला कॅमेरा काढला आणि अल्बमशेजारी ठेवला.

विलासने विचारलं, "काऊन ताई, काय बिघडलं?"

ती म्हणाली, "काही नाई बिघडलं. सगळ्या फोटोत मी त्याच्याकडे पाहून राह्यली. तो कॅमेऱ्याकडे, नाईतं मोबाइलकडे. एकाही फोटोत माह्याकडे नाई. घरी सगळ्यायले दाखवले. सोयरीक मोडली मी."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"दुसरीकडे जुळलं की येईन. तेव्हाही पोराले काही सांगू नका, काका."

ती गेली. अल्बम मात्र परत आला होता. अट म्हणजे अट. मी उठलो आणि झेरॉक्सच्या मशीनमागे जाऊन बसलो.

विलासने अल्बम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. बंद केला. कॅमेऱ्याची बॅटरी काढून चार्जिंगला लावली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"उठा, बाबा. ती खुर्ची माही आहे."