तिची राहिलेली धून

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर कार्डिफच्या हॉलमधून लवकर उठून आलो. स्टेजवर बायकोचा लाडका फिडलवाला होता. व्हायोलिनलाच ते लोक फिडल म्हणतात. माणूस अमेरिकेतला, आईबाप आयरिश. चाळीस वर्षांपूर्वी ही इथल्याच एका पबमध्ये ग्लास धुवायची, तेव्हा तो कोपऱ्यात उभा राहून वाजवायचा आणि कुणी ढुंकून बघत नसे. पुढे रेकॉर्डी निघाल्या, मोठे हॉल मिळाले. आता खुर्चीत बसून वाजवतो. कार्यक्रमाच्या शेवटी मात्र आईकडून शिकलेली एक धून असतेच, दर वेळी वेगळी.

"अहो, तेवढी ऐकू द्या ना."

"बस जाईल. चल."

"बसशीच लग्न करायचं होतं तुम्ही," म्हणाली, पण उठली.

पहाटे झोपेतच गेली.

सकाळी तिला नेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, जरा पडा." मी ऐकलं नाही. हॉलवर गेलो. तिथे झाडणाऱ्या बाईला विचारलं, "काल शेवटी काय वाजवलं त्याने? बायकोचं ऐकायचं राहिलं."

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि थोडं गुणगुणली. पुढचं तिला आठवेना.

मी म्हटलं, "परत म्हण."