भिला पाटलाची दोन भोकांची कडी

नंदुरबारजवळच्या रनाळ्याच्या सुपडू पाटलांचा थोरला मुलगा भिला मुंबईत नेमकं काय करतो, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. सुपडू पाटील स्वतः "मशिनी बनावस" एवढं म्हणत आणि बोलणं कापसावर नेत.

भिला बी.एस्सी. होऊन एका संशोधन संस्थेत लागला होता. तिथे गणकयंत्र उभं राहत होतं. त्याची स्मृती म्हणजे मोहरीएवढ्या काळ्या चुंबकी कड्या, केसासारख्या तारांत ओवलेल्या. एका कडीत फक्त 'हो' किंवा 'नाही' राहायचं. यंत्राला काचेचा एक पडदा जोडलेला होता. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटे, पण ते लगेच विझायचं. म्हणून स्मृतीतून पुन्हा पुन्हा आणून काढावं लागे. आणि कडीची खोड अशी, की विचारलं की ती उत्तर द्यायची आणि विसरून जायची. मग तेच तिच्यात पुन्हा लिहा. अर्धा वेळ त्यातच जाई. चित्र थरथरायचं, आणि वीज इतकी लागायची की यंत्राचं कपाट भट्टीसारखं तापायचं.

यावर उपाय शोधायचं काम संस्थेतल्या साहेबांनी भिलाला दिलं. परदेशी मासिकात त्याने दोन भोकांच्या कडीबद्दल वाचलं होतं: मोठ्या भोकाने लिहायचं, लहान भोकातून नुसतं विचारायचं. मग कडी विसरत नाही, पुन्हा लिहिण्याची वीज वाचते, वेळही वाचतो. कागदावर सोपं होतं. पण कड्या भाजताना तडकायच्या, तारा तुटायच्या. या खटपटीत त्याची तिशी सरली.

अशातच बासष्ट साली सुपडू पाटलांना लकवा झाला. भिलाने लांब रजा काढली. साहेबांनी दोन भोकांच्या कड्यांची अर्धवट ओवलेली चौकट बरोबर नेऊ दिली. "घरी जमलं तर बघ," ते म्हणाले. फारशी आशा त्यांनाही नव्हती.

घरी जमणं कठीणच होतं. वडिलांना कुशीवर वळवायचं, अंगाला तेल चोळायचं, घास भरवायचा. केळीला पाणी द्यायला स्वतःच जावं लागे. दुपारी भिला दाराशी उजेडात चौकट घेऊन बसे, आणि बसल्या बसल्या मान खाली पडे. एकदा अशीच डुलकी लागली आणि हातातली तार तुटली. तेव्हा शोभाबाईने, त्याच्या बायकोने, चौकट स्वतःकडे ओढली.

"तुम्ही झोपा थोडं. कोनती तार कशी टाकानी ते एक डाव दखाडी द्या."

त्याने दाखवलं. तिनेही चुका केल्या, उसवलं, पुन्हा ओवलं. खाटेवरून सुपडू पाटील त्या मण्यांसारख्या कड्यांकडे एका डोळ्याने बघत होते. जड जिभेने त्यांनी विचारलं, "मुंबईमा तू मनीच ववस का रे?"

"हां बाबा," भिला म्हणाला. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

विसरवाडीच्या एका ट्रकवाल्याकडून जुनी बॅटरी आणून तो एकेक ओळ तपासू लागला. सकाळी बरोबर चालणाऱ्या कड्या वैशाखातल्या दुपारी वेडंवाकडं उत्तर द्यायच्या. त्याला वाटलं, सगळं वाया गेलं. दोन दिवस त्याने चौकटीला हात लावला नाही. मग लक्षात आलं, की तापलेल्या कडीला कमीच प्रवाह पुरतो. आपणच जास्त देतोय. मुंबईतल्या गार खोलीत हे कधी कळलंच नसतं. उन्हाबरोबर प्रवाह आपोआप कमी होईल अशी जोडणी त्याने केली, आणि कड्या शहाण्यासारख्या बोलू लागल्या.

पावसाळा संपताना वडील गेले. दिवस-कार्य उरकून भिला मुंबईला परतला. पुरी ओवून झालेली चौकट यंत्राला जोडली. पडद्यावर एक वर्तुळ उमटलं आणि स्थिर राहिलं. साहेबांनी कपाटावर तळहात ठेवला. ते गार होतं.

"छान केलंस, भिला," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "पण आता हे यंत्रच मोडीत निघणार. बाहेरून नवीन मोठं येतंय, मंजुरी झाली. तुझी स्मृती त्यात बसायची नाही. नव्या यंत्रावर तुला घेतो."

भिला भांडला नाही. राग यायलाही अंगात काही उरायला हवं. नव्या यंत्रावर त्याने काही काळ काम केलं. त्याचं झाकण उघडायची परवानगी फक्त ते बनवणाऱ्या परदेशी कंपनीच्या माणसांना होती. पुढे नंदुरबारला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची जागा निघाली, तेव्हा त्याने अर्ज केला आणि बिऱ्हाड हलवलं.

नंदुरबारच्या घरी सामान लावताना शोभाबाई भिंतीला टेकून बसली. ओवकामापासून तिचे डोळे लवकर चुरचुरायचे. तिने ते पदराने पुसले आणि इतक्या दिवसांत न विचारलेलं विचारलं, "त्या काचवर काय दिखनं व्हतं?"

"एक गोल."

"बस? निस्ता गोल?"

"हां. पन हालना नही."

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "भांडासनं खोकं अजून दारमाच शे. उचला ना एक बाजूथीन."

भिला उठला.