लॅबमध्ये खसखस पिकली

कोबेच्या आमच्या लॅबमध्ये एक इंग्रज आणि एक चिनी बाई जेवणाच्या सुट्टीत अफूच्या युद्धावरून रोज भांडायचे. तो म्हणायचा, तो व्यापार होता. ती म्हणायची, दरोडा होता. मी ठाम तिच्या बाजूची, कारण इंग्रजांनी आपल्यालाही लुटलंच की.

एका दिवाळीत मी लॅबमध्ये अनारसे नेले. दोन खाऊन झाल्यावर तिने विचारलं, "हे वरचे पांढरे दाणे कसले?" खसखशीचा इंग्रजी शब्द मला आठवेना, म्हणून मी फोनमध्ये शोधून स्क्रीन दोघांपुढे धरली. तिथे लिहिलं होतं: अफूच्या झाडाचं बी.

इंग्रजाला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "अफू पिकायची यांच्याकडेच," तो माझ्याकडे बोट दाखवत तिला म्हणाला, "आम्ही फक्त पोचवायचो."

आठवडाभर खपून केलेले, तुपात एकही हसून न विरघळलेले माझे अनारसे, आणि त्यांचं हे कौतुक. मी चिडून डबा बंद करायला लागले.

तिने माझा हात धरला, तिसरा अनारसा उचलला आणि त्याला सांगितलं, "या वेळी दलाल नको. आम्ही थेट यांच्याकडूनच घेऊ."