जीवनभाऊंची जीप विकणे आहे

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या जीवन रामटेक्यांना आपली जीप विकायची होती. डिझेलची, जुनी, काम अर्धवट. घेणाऱ्याला त्यांची एकच अट होती, आणि ती जाहिरातीत लिहिता येण्यासारखी नव्हती: गाडी चालवून दाखवायला सांगू नये. कारण जीवनभाऊंना गाडी चालवता येत नव्हती.

हे कोणालाच माहीत नव्हतं. रत्नमालाबाईंनाही नाही, आणि दोघांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, चालवता येत नाही तर माणूस जीप घेतो कशाला? घेतो, बापा! सोळा वर्षांपूर्वी एका सरकारी लिलावात त्यांनी हिचं इंजिन पाहिलं आणि तिथल्या तिथे बोली लावली. फॅक्टरीतले नावाजलेले फिटर ते. इंजिनाशी त्यांचं कधीच वाकडं नव्हतं, वाकडं होतं ते स्टिअरिंगशी. बाविसाव्या वर्षी गावच्या कृष्णराव पाटलांचा ट्रॅक्टर त्यांनी हौसेनं चालवायला घेतला आणि सरळ बोडीत नेऊन घातला, तळ्याच्या कमरेइतक्या पाण्यात. बाहेर आल्यावर ‘ब्रेकच लागला नाही’ असं सांगितलं. ब्रेक उत्तम होता. कृष्णरावांनी ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला भर चौकात शिव्या घातल्या, आणि तो बिचारा पुढची दोन वर्षं शपथा घेत फिरला. तेव्हापासून जीवनभाऊ सायकलवर बसले, नाहीतर फॅक्टरीच्या बसमध्ये. जीप घेतल्यावर कोणी छेडलंच, तर म्हणायचे, “आपली गाडी तयार होऊन राहिली ना.”

खरं सांगायचं तर जीप तिसऱ्याच वर्षी तयार झाली होती. इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, फक्त बॅटरी लावून चावी फिरवायची बाकी. त्या रविवारी जीवनभाऊंना दरदरून घाम फुटला. जेवण झाल्यावर त्यांनी इंजिनाचं हेड पुन्हा उघडून ठेवलं. “टॅपेट बरोबर नाही वाटून राहिले,” असं रत्नमालाबाईंना सांगितलं. पुढची तेरा वर्षं हे उघड, ते बसव, असंच चाललं.

रत्नमालाबाईंचा मात्र गाडीवर भारी विश्वास. दर रविवारी त्या ओल्या फडक्यानं जीप पुसत. सीटना निळी खोळ शिवली, ती विटली म्हणून दुसरी शिवली. दर दिवाळीला बपेऱ्याला माहेरी जाऊन सांगत, “पुढच्या साली गाडीनंच येतो आम्ही.” भावानं एकदा गाडी उभी करायला जागा हवी म्हणून अंगणातली चूल हलवली, आणि दोन वर्षांनी मुकाट्यानं परत होती तिथे मांडली.

मग जीवनभाऊ रिटायर झाले. लाखनीला बांधलेलं घर गल्लीत, आणि गल्ली एवढी अरुंद की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. जीप विकण्यावाचून इलाज नव्हता. जीवनभाऊंना आतून सुटल्यासारखं झालं. गाडी गेली की प्रश्नच मिटला, आता उरलेलं आयुष्य अब्रूनं जाईल. तेवढ्यासाठी त्यांनी फुलस्केप कागदावर उरलेल्या कामांची यादी केली. एक्केचाळीस कामं. एवढी वाचल्यावर कोण म्हणेल चालवून दाखवा म्हणून?

पहिला आला निकेश. हायवेवर त्याचा ढाबा होता.

“चालते का जी?”

“नाही चालत.”

“चालाले पायजेच नाही. ढाब्यासमोर उभी करतो, बोनटमध्ये फुलझाडं लावतो, लोक फोटो काढतीन.” आणि भाव चांगला बोलला.

असं गिऱ्हाईक देवानंच धाडावं! पण जीवनभाऊंच्या कानशिलावरची शीर फुगली. “इंजिन आहे त्याच्यात! कुंडी समजून राहिला का?” निकेश आल्या पावली परत गेला. रत्नमालाबाईंनी विचारलं, “काहून नाही म्हटलं जी?” आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला हे जीवनभाऊंना कळत होतं, पण त्या इंजिनात बोगनवेल म्हणजे अतीच झालं.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी, तृप्ती कापगते आली. तिशीतली बाई, लाखनीत गाडी शिकवायचा क्लास चालवणारी. जीप तिला क्लाससाठी नको होती, स्वतःसाठी हवी होती. व्हॅनमध्ये ती स्वतःची बॅटरी आणि पान्यांचा डबा घेऊनच आली. जीवनभाऊंनी यादी पुढे केली. ती यादी हातात धरून जीपखाली शिरली, वर आली, बोनटमध्ये वाकली, आणि अर्ध्या तासानं म्हणाली, “काकाजी, यातली तीस-पस्तीस कामं तर झालेली आहेत.”

“पुन्हा करा लागतीन.”

“काहून?”

जीप ज्याच्याखाली उभी होती त्या पेरूच्या झाडाकडे जीवनभाऊंनी पाहिलं.

तृप्तीनं बॅटरी जोडली, ताजं डिझेल ओतलं, पाइपमधली हवा काढली आणि चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. काळा धूर निघाला, मग पांढरा, मग दिसेनासा झाला. शेजारची चंद्रकलाबाई पोळ्या तव्यावर टाकून धावत आली. क्वार्टरांची अख्खी लाईन जमली. रत्नमालाबाई घरात गेल्या त्या नवी साडी नेसून बाहेर आल्या आणि जीपमध्ये डावीकडे चढून बसल्या.

“चला जी,” त्या म्हणाल्या. “विकाच्या पहिले एक चक्कर तर मारू द्या.”

“हो काकाजी,” तृप्ती म्हणाली. “समोरचं मैदान मोकळंच आहे. पहिली चक्कर तुमचीच.”

जीवनभाऊ बसले. न बसून सांगतात कोणाला? हात स्टिअरिंगवर ठेवले. त्या गिअरबॉक्सचा दाता न् दाता त्यांनी चार वेळा हातानं बसवलेला, पण पाय काही हलेनात. त्यांनी खाली पायांकडे पाहिलं, परत वर पाहिलं, परत खाली. ड्रायव्हरच्या सीटवर शेकडो नवशिके बसवलेल्या तृप्तीला ते पाय बघताच सगळं उमगलं. पोरगी मनाची चांगली. ती पटकन म्हणाली, “राहू द्या काकाजी, क्लच लई जड आहे हिचा. मी चालवतो.”

सुटले होते जीवनभाऊ! नुसतं ‘हो ना, क्लच जड आहे’ म्हणायचं आणि खाली उतरायचं. पण तो क्लच त्यांनी गेल्याच वर्षी बसवला होता. केबल नवी, प्लेट नवी, पाय ठेवला की अलगद जाणारा. इंजिन घरघरत राहिलं, लोक बघत राहिले, आणि जीवनभाऊंच्या तोंडून निघून गेलं:

“क्लच जड नाही. क्लच एकदम बरोबर आहे. मलेच गाडी चालवता येत नाही.”

चंद्रकलाबाईंच्या घरातून पोळी जळल्याचा वास आला.

“केव्हापासून?” रत्नमालाबाईंनी विचारलं.

“पहिलेपासूनच.”

“आन् सोळा वर्षं मी काय पुसत होती?”

“गाडी,” जीवनभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रत्नमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, आणि कोणाला चुकून वेगळं वाटू नये म्हणून त्यांनी ते पदरानं खसकन पुसलं. “उतरा,” त्या म्हणाल्या. “मागं जाऊन बसा.” जीवनभाऊ मागे गेले. रत्नमालाबाई सरकत स्टिअरिंगपाशी आल्या, पदर खोचला. “ये वं पोरी, बस इथं बाजूले. सांग मले, कोणता पाय कुठं ठेवू.”

जीप तीनदा गचका खाऊन बंद पडली. चौथ्यांदा मात्र निघाली. पेरूच्या झाडाखालून निघाली, फाटकातून निघाली आणि मैदानात उतरली. मागे लाईनीतली माणसं टाळ्या वाजवत होती. जीवनभाऊ दोन्ही हातांनी दांडी धरून बसले होते. आपलं इंजिन ओढ घेताना ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. कुठेही खडखड नव्हती. टॅपेट जागच्या जागी. त्यांना इतका आनंद झाला आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की काय करावं सुचेना. बायको जीपला तेरा वर्षांपूर्वीच मैदानात आणू शकली असती.

रत्नमालाबाईंनी एक अख्खी चक्कर मारली. दुसरी सुरू करता करता, रस्त्यावरची नजर न हलवता, त्यांनी तृप्तीला विचारलं, “तुह्या क्लासची फी किती आहे वं?”

“तुमच्याकडून कायची फी, काकू!”

“फी घेजो, जीपच्या पैशातून कापजो. एक तारखेपासून आम्ही लाखनीलेच आहो. दोन नावं लिही.”

मागे जीवनभाऊंच्या जिवात जीव आला. “दोन?” त्यांनी हळूच विचारलं.

“माहं आन् बपेऱ्याच्या माह्या वहिनीचं, तिले लाखनीले बोलावून घेतो,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “तुमी मागं बसत जा.”

जीवनभाऊंनी लगेच हो म्हटलं.