रतिलाल आबांची बोटं

भडगावजवळ गिरणेकाठच्या कडुनिंबांखाली गावातल्या दीपकनं कॅम्पिंगची जागा काढली, तेव्हा झाडांना टांगायचे सहा हॅमॉक रतिलाल आबांनी विणून दिले. आबा त्यांना झोळ्याच म्हणायचे. गावात आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके आयुष्यभर त्यांनीच बांधलेले. माहेरी आलेली लेक आधी विचारायची, "दोर आबासनीच बांधेल शे ना?" आणि मगच झोक्यावर चढायची.

दीपकला बाजारातले चकचकीत नायलॉनचे हवे होते. आबांनी त्याला उडवूनच लावलं. आपल्या उन्हाळ्यात पाठी भाजून निघतील म्हणाले. झोळी सुती हवी, तिरपं निजता येईल एवढी रुंद हवी, आणि खाटेसारखी ताणायची नाही, चांगला झोल द्यायचा. झाडाच्या सालीला काचू नये म्हणून वर रुंद पट्टा. शिवाय रोज सकाळी सगळा दोर बोटांतून फिरवायचा, कारण सुती दोर दव पिऊन आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो. कुजलेला पीळ बोटाखाली मऊ लागतो. ही पारख आबांच्या बोटांत होती, आणि त्याची त्यांना थोडी मिजासही होती.

डायबिटीसनं नेमकी ती बोटंच बधिर केली. चहाचं पातेलं उतरवताना कातडी भाजली, तीही बायकोनं, भिकुबाईंनी, आधी पाहिली. गेलेलं परत येईल असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. दीपकला हे सांगायची आबांना भारी लाज वाटली. ते रोज दोर फिरवत राहिले. कधी गालाला घासून पाहायचे, कधी एकेका झोळीत स्वतः बसून. पण आबा पंचेचाळीस किलोचे, आणि जळगावहून येणारे पाहुणे चांगले खात्यापित्या घरचे!

आखाजीला त्यांची लेक रूपा धुळ्याहून आली आणि चार वर्षांच्या पोरीला घेऊन थेट नदीकाठी पोचली. "आबा, हिले या झोळीमा बसाडू का?"

आबांनी दोर चाचपला. काहीच कळेना. पुन्हा चाचपला. हातात दोर आहे की नाही, एवढंसुद्धा कळेना.

"थांब, रूपा."

"काब्र थांबू? तुम्ही बांधेल झोका कधी तुटना का?" हसत हसत तिनं पोरीला उचललं.

आबांना एकदम रडू फुटलं. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला विळा घेऊन त्यांनी त्या झोळीचा दोर कापला. मग शेजारच्या झोळीचा. रूपा "आबा, आबा" करत मागे धावत राहिली. सहाव्या झोळीपाशी दीपक पोचला, तोवर तीही खाली आली होती.

"आबा, संध्याकाळी पाहुणे येताहेत!" तो ओरडला. मग त्यांचा चेहरा पाहून आवाज उतरवत म्हणाला, "एखादाच दोर खराब असेल ना? कोणता, ते तरी सांगा."

आबांनी विळा त्याच्या हातात दिला.

"माले तेच समजत नही, भाऊ."